महाविद्यालयाचे पहिले वर्ष : न मागता पोहोचणारी मदत

(नव्या शैक्षणिक वर्षाच्या प्रारंभी अध्यापक आणि विद्यार्थी यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचा पाठ)



उच्च शिक्षणाविषयीच्या सार्वजनिक चर्चेत प्रवेशाचा प्रश्न नेहमीच अग्रभागी राहत आला आहे. कोणत्या शाखेसाठी किती अर्ज आले, गुणवत्ता यादी कोठे थांबली, किती जागा रिक्त राहिल्या, याची माहिती दरवर्षी वृत्तपत्रांतून सविस्तर प्रसिद्ध होते. प्रवेश मिळालेला विद्यार्थी पुढील तीन-चार महिन्यांत त्या महाविद्यालयात रुजला की नाही, याची नोंद मात्र कोणत्याही यादीत सापडत नाही. पहिल्या सत्राचा निकाल लागतो, काही विद्यार्थी अनुत्तीर्ण झालेले दिसतात, काही जण दुसऱ्या सत्रासाठी परत आलेलेच नसतात. आणि मग ‘पात्रता नव्हती’ किंवा ‘अभ्यासात लक्ष नव्हते’ असा शेरा मारून विषय मिटवला जातो. हा शेरा कितपत खरा आहे, हे तपासून पाहणे हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे.

प्रथम व्याप्ती लक्षात घेतली पाहिजे. केंद्र सरकारच्या अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणानुसार २०१४-१५ मध्ये देशातील उच्च शिक्षणातील एकूण नोंदणी ३.४२ कोटी होती. २०२१-२२ मध्ये ती ४.३३ कोटींवर गेली. त्यांपैकी २.०७ कोटी मुली होत्या. अनुसूचित जातींचे ६६.२३ लाख आणि अनुसूचित जमातींचे २७.१ लाख विद्यार्थी होते. स्थूल नोंदणी प्रमाण २८.४ टक्के होते आणि राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने ते २०३५ पर्यंत ५० टक्क्यांवर नेण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. या वाढीबरोबर वर्गातील विद्यार्थ्याचे स्वरूपही बदलले आहे. ज्यांच्या घरात आजवर कोणी महाविद्यालयाची पायरी चढलेली नाही, अशी मुले-मुली मोठ्या संख्येने वर्गात बसू लागली आहेत. महाविद्यालयाची रचना मात्र अजूनही बऱ्याच अंशी शिकलेल्या घरातून आलेल्या विद्यार्थ्याला गृहीत धरून चालते.

हे गृहीतक कोणते, ते साध्या उदाहरणांवरून कळेल. अंतर्गत चाचणीला आजारपणामुळे गैरहजर राहिल्यास ठरावीक मुदतीत अर्ज द्यावा लागतो. एखाद्या विषयात अनुत्तीर्ण झाल्यावरही ए.टी.के.टी. घेऊन पुढील वर्गात जाता येते. तासानंतर प्राध्यापकांना त्यांच्या कक्षात जाऊन शंका विचारता येते. ७५ टक्के उपस्थितीचा नियम सत्राच्या अखेरीस अचानक अंगावर येतो. या गोष्टी माहितीपत्रकात छापलेल्या असतात, नाही असे नाही. परंतु ज्या घरात मोठा भाऊ किंवा मावशी पदवीधर असते, तेथे त्या जेवताखाताना सहज कानावर पडतात. इतर घरांतील विद्यार्थ्याला त्या चूक झाल्यावर कळतात. नव्या धोरणानंतर या अलिखित ज्ञानाची गरज वाढली आहे. मुख्य विषय, गौण विषय, खुला वैकल्पिक विषय, कौशल्यविषयक आणि मूल्यशिक्षणविषयक अभ्यासक्रम यांची निवड आणि त्यांच्या श्रेयांकांचा हिशेब विद्यार्थ्याला प्रवेशाच्या वेळीच करावा लागतो. अर्थशास्त्राबरोबर कोणता गौण विषय घेतल्यास पुढे कोणती वाट मोकळी राहते, हे अठराव्या वर्षी स्वतःहून कळणे अवघड आहे.

येथे ‘ज्याला अडचण आहे त्याने विचारावे, आमचे दार सदैव उघडे आहे’ असे उत्तर दिले जाते. ते प्रामाणिकपणे दिलेले असते. तरी ते अपुरे आहे. नेमके काय माहीत नाही, हेच माहीत नसेल तर विचारायचे काय? शिवाय प्रश्न विचारणे म्हणजे चारचौघांत आपले अज्ञान उघडे करणे, अशी धास्ती नवख्या विद्यार्थ्याला असते. ज्याला मदतीची गरज सर्वांत अधिक, तोच मदत मागण्यास सर्वांत शेवटी येतो, असा अध्यापकांचाही अनुभव आहे. त्यामुळे प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यासाठी करावयाच्या कोणत्याही व्यवस्थेची कसोटी एकच ठरते : ही मदत न मागता पोहोचते काय?

विस्मरणात गेलेल्या तरतुदी

आश्चर्याची बाब अशी की, या कसोटीला उतरणाऱ्या तरतुदी आपल्या नियमांत २००९ पासून लिहिलेल्या आहेत. त्या रॅगिंगविरोधी विनियमांत असल्यामुळे त्यांच्याकडे कोणी या दृष्टीने पाहिले नाही, इतकेच.

पार्श्वभूमी थोडक्यात अशी. तामिळनाडूने १९९७ मध्ये आणि महाराष्ट्राने १९९९ मध्ये रॅगिंगला प्रतिबंध करणारे कायदे केले. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशानुसार केंद्रीय अन्वेषण विभागाचे माजी संचालक आर. के. राघवन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली आणि तिने २००७ मध्ये अहवाल दिला. मार्च २००९ मध्ये हिमाचल प्रदेशातील एका वैद्यकीय महाविद्यालयात प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्याचा रॅगिंगमध्ये झालेल्या मारहाणीने मृत्यू झाला. त्यानंतर त्याच वर्षी जूनमध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने रॅगिंगला आळा घालणारे विनियम जारी केले. २०१६ मधील दुरुस्तीने जात, धर्म, वर्ण, भाषिक ओळख, जन्मस्थान, आर्थिक स्थिती इत्यादी कारणांवरून दिला जाणारा शारीरिक व मानसिक त्रासही रॅगिंगच्या व्याख्येत स्पष्टपणे समाविष्ट झाला. राष्ट्रीय मदत क्रमांक १८००-१८०-५५२२ याच व्यवस्थेचा भाग होय.

या विनियमांतील शिक्षेची कलमे सर्वांना ठाऊक आहेत. प्रतिज्ञापत्र भरून घेतले जाते, फलक लावले जातात, समिती आणि पथक यांची नावे सूचनाफलकावर झळकतात. पण त्याच विनियमांत आणखीही काही सांगितले आहे. नव्या विद्यार्थ्यांची तुकडी दाखल होताच तिचे लहान गट पाडावेत, प्रत्येक गट एका अध्यापकाकडे सोपवावा आणि त्या अध्यापकाने गटातील प्रत्येकाशी दररोज स्वतंत्रपणे बोलून त्याच्या अडचणी समजून घ्याव्यात, अशी त्यात तरतूद आहे. ज्येष्ठ विद्यार्थ्यांमधून स्वेच्छेने पुढे आलेल्यांचा मार्गदर्शक कक्ष असावा, सहा नवागतांमागे एक मार्गदर्शक विद्यार्थी असावा आणि अशा सहा मार्गदर्शकांवर वरच्या वर्गातील एक मार्गदर्शक असावा, असेही म्हटले आहे. पहिले तीन महिने दर पंधरवड्याला नवागतांची निनावी पाहणी करावी, ही आणखी एक तरतूद. निनावी पाहणीचे महत्त्व सहज ध्यानात येण्याजोगे आहे. ज्याला तोंडाने सांगता येत नाही, तो नाव न लिहिता कागदावर सांगू शकतो. आणि तीही त्याने मागितलेली सवलत नसते, सर्वांनाच भरावयाचा कागद असतो.

या दोन भागांपैकी दंडाचा भाग अमलात आला आणि सोबतीचा भाग बहुतेक ठिकाणी कागदावर राहिला. परिणाम असा झाला की, अनेक संस्थांत ज्येष्ठ आणि नवागत यांचा संपर्कच तोडला गेला. छळ थांबवण्यासाठी हे अंतर आवश्यक होते, याविषयी शंका नाही. परंतु जुन्या नोंदवह्या, कोणत्या प्राध्यापकांच्या तासाला काय वाचून जावे याचा सल्ला, परीक्षेच्या अर्जाची शेवटची तारीख, स्वस्त खानावळीचा पत्ता, अशा शेकडो लहान गोष्टी ज्येष्ठांकडूनच खाली येत असतात. तो झरा आटला आणि त्याच्या जागी दुसरी व्यवस्था उभी राहिली नाही. सहा विद्यार्थ्यांमागे एक मार्गदर्शक ही तरतूद नेमकी याच जागेसाठी होती.

तीन आठवड्यांचा प्रारंभ

अभियांत्रिकी शिक्षणाच्या क्षेत्रात या प्रश्नाचा विचार अधिक पद्धतशीरपणे झालेला दिसतो. गांधीनगर येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेने २०११ पासून नव्या विद्यार्थ्यांसाठी पाच आठवड्यांचा पायाभूत कार्यक्रम सुरू केला. वाराणसीच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेने २०१६ मध्ये सुमारे महिनाभराचा उद्बोधन कार्यक्रम राबवला. या अनुभवांच्या आधारे अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०१८ च्या नमुना अभ्यासक्रमात तीन आठवड्यांचा विद्यार्थी उद्बोधन कार्यक्रम अनिवार्य केला. नियमित तास त्यानंतरच सुरू व्हावेत, अशी त्यात अपेक्षा आहे. सुमारे वीस विद्यार्थ्यांचा गट आणि त्याचा एक अध्यापक-मार्गदर्शक, मानवी मूल्यांवरील चर्चा, शारीरिक श्रम व खेळ, कला, भाषेचा सराव, परिसरभेटी अशी त्याची आखणी आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ मध्ये ‘दीक्षारंभ’ या नावाने सर्व शाखांसाठी मार्गदर्शिका प्रसिद्ध केली.

या कार्यक्रमाचा गाभा भाषणे हा नाही. वीस जणांचा तो लहान गट हाच त्याचा खरा गाभा होय. तीन आठवडे एकत्र चित्र काढणारी, मैदानावर धावणारी, गावातील बाजारपेठेत फिरून माहिती गोळा करणारी वीस मुले एकमेकांना नावाने ओळखू लागतात आणि एका प्राध्यापकाला त्या विसांची नावे पाठ होतात. पुढे सहाव्या आठवड्यात त्यांतील एक जण दिसेनासा झाला तर ते कोणाच्या तरी लक्षात येते. अनेक महाविद्यालयांत मात्र हा कार्यक्रम सभागृहातील भाषणांच्या मालिकेत रूपांतरित झाला आहे. प्राचार्य, ग्रंथपाल, परीक्षा विभाग, क्रीडा विभाग असे एकामागून एक वक्ते येतात, पाचशे विद्यार्थी ऐकतात, चहाबिस्किटे होतात आणि अहवालासाठी छायाचित्रे काढली जातात. यात खर्च कमी आणि सोय अधिक, हे खरे. पण त्यातून कोणाचीच कोणाशी ओळख होत नाही.

आणखी एक अडचण प्रवेशप्रक्रियेतून निर्माण होते. केंद्रीय प्रवेशाच्या फेऱ्या लांबतात. शेवटच्या फेरीत किंवा संस्थास्तरावर प्रवेश मिळालेला विद्यार्थी येतो तेव्हा उद्बोधन संपलेले असते, वसतिगृहातील खोल्या भरलेल्या असतात, वर्गात गट जमलेले असतात. हा विद्यार्थी बहुधा दूरच्या गावचा, कागदपत्रे किंवा पैसे उशिरा जमलेला असतो. म्हणजे ज्याच्यासाठी कार्यक्रम हवा, त्याच्यापर्यंतच तो पोहोचत नाही. दुसऱ्या, छोट्या उद्बोधनाची तारीख प्रवेशाच्या अखेरच्या फेरीनंतर ठेवणे हा यावरचा सरळ उपाय आहे आणि त्यासाठी कोणत्याही नव्या आदेशाची आवश्यकता नाही.

एकट्याचा अभ्यास

अभ्यासातील अपयशाकडे वळल्यावर एका परदेशी संशोधनाचा उल्लेख करणे अगत्याचे ठरते, कारण त्याने ‘पात्रता नव्हती’ या निष्कर्षालाच धक्का दिला. अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील गणिताचे अध्यापक युरी ट्राइसमन यांना १९७० च्या दशकात असे दिसले की, प्रथम वर्षाच्या कलनशास्त्रात कृष्णवर्णीय विद्यार्थी मोठ्या प्रमाणात अनुत्तीर्ण होतात, तर चिनी वंशाचे विद्यार्थी उत्तम यश मिळवतात. सहकाऱ्यांना कारणे विचारली असता प्रेरणेचा अभाव, शाळेतील कच्ची तयारी, घरचे दुर्लक्ष, गरिबी अशी ठरलेली उत्तरे मिळाली. ट्राइसमन यांनी दोन्ही समूहांतील वीस-वीस विद्यार्थ्यांचा अभ्यास करतानाचा दिनक्रम प्रत्यक्ष पाहिला. ठरलेली उत्तरे टिकली नाहीत. कृष्णवर्णीय विद्यार्थी मेहनती होते, त्यांच्या पालकांना शिक्षणाची आस होती. फरक होता तो पद्धतीत. ते एकटे अभ्यास करीत. चिनी वंशाचे विद्यार्थी आधी एकटे आणि मग एकत्र बसून उत्तरे ताडून पाहत, एकमेकांच्या चुका काढत, जुन्या प्रश्नपत्रिका सोडवत. एखादे उदाहरण कोणालाच सुटले नाही, तर ते मुळातच कठीण आहे, हे त्यांना कळे. एकटा विद्यार्थी मात्र ते न सुटल्याचा दोष स्वतःला देई.

यावरून त्यांनी कार्यशाळा सुरू केल्या. ‘कच्च्या विद्यार्थ्यांसाठी जादा तास’ असे स्वरूप त्यांनी जाणीवपूर्वक टाळले. नेहमीपेक्षा अवघड उदाहरणे गटाने सोडवण्याची ती जागा होती आणि तेथे निवड होणे हा मान समजला जाई. त्यात सहभागी झालेल्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचे निकाल लक्षणीय सुधारले.

भारतीय परिस्थिती वेगळी आहे, परंतु या अनुभवातील एक गोष्ट येथे थेट लागू पडते. आपल्याकडील ‘उपचारात्मक अध्यापन’ बहुधा जातप्रवर्गाच्या यादीवरून, वेगळ्या वर्गात, नियमित तासांनंतर घेतले जाते. त्या वर्गात जाऊन बसणे म्हणजे आपण मागे आहोत, हे स्वतःहून जाहीर करणे होय. मग उपस्थिती रोडावते आणि ‘सोय करूनही मुले येत नाहीत’ अशी तक्रार होते. त्याऐवजी प्रत्येक वर्गाचे पाच-सहा जणांचे मिश्र अभ्यासगट अध्यापकानेच पाडले, आठवड्यातून एक तास वेळापत्रकात त्यासाठी राखला, तर कोणावरही शिक्का बसत नाही. स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्यांना गटचर्चेचे महत्त्व नव्याने सांगण्याची गरज नाही. पुण्याच्या सदाशिव पेठेतील अभ्यासिका असोत वा दिल्लीतील मुखर्जीनगर, तेथे चालू घडामोडींचा अभ्यास चहाच्या टपरीवर अर्धाअधिक होतो, असे गमतीने म्हटले जाते. पदवीच्या पहिल्या वर्षी मात्र ही सवय क्वचितच कोणी लावून देते. महाराष्ट्रात अकरावी-बारावी कनिष्ठ महाविद्यालयात होत असली तरी ही दोन वर्षे अनेकांची खासगी शिकवणी वर्गांत जातात. त्यामुळे महाविद्यालय म्हणून जे असते, त्याची पहिली खरी ओळख पदवीच्याच वर्षी होते.

भाषेचा प्रश्न याच्याशी निगडित आहे. त्वरण, संवेग, मागणीची लवचीकता या संकल्पना मातृभाषेतून उत्तम समजलेला विद्यार्थी इंग्रजी संज्ञा कानावर पडताच गोंधळतो आणि आपल्याला विषयच येत नाही, असे मानू लागतो. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०२१-२२ पासून मराठीसह काही भारतीय भाषांतून अभियांत्रिकी शिक्षणाला मुभा दिली, हे योग्यच झाले. तथापि बहुसंख्य विद्यार्थी अजूनही इंग्रजीतच शिकतात. त्यांच्यासाठी प्रत्येक विषयाच्या पहिल्या दोन महिन्यांत लागणाऱ्या शे-दीडशे संज्ञांचा द्वैभाषिक तक्ता अध्यापकाने पहिल्याच आठवड्यात दिला आणि प्रश्न मराठीतून, हिंदीतून विचारण्याची मोकळीक सर्वांसमोर जाहीर केली, तर वर्गातील शांतता पुष्कळ कमी होईल.

पैसा आणि निवारा

समायोजन हा शब्द मानसशास्त्रातील असला तरी त्याचा पहिला अडथळा पुष्कळदा खिशाचा असतो. जून २०२४ मधील एक घटना देशभर गाजली. उत्तर प्रदेशातील मुजफ्फरनगर जिल्ह्यातील एका रोजंदारी मजुराच्या मुलाला धनबादच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत विद्युत अभियांत्रिकीची जागा मिळाली. जागा निश्चित करण्यासाठी २४ जूनच्या सायंकाळी पाचपर्यंत १७,५०० रुपये भरावयाचे होते. कुटुंबाने गावातून पैसे जमवले, पण रक्कम भरण्याआधीच संकेतस्थळावरील मुदत संपली. अखेर ३० सप्टेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने संविधानाच्या अनुच्छेद १४२ खालील अधिकार वापरून त्याला प्रवेश देण्याचा आदेश दिला. सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचलेले हे प्रकरण सर्वांना कळले. प्रवेशानंतर खानावळीचे किंवा खोलीच्या अनामत रकमेचे पैसे न जमल्यामुळे गावी परतलेल्यांची नोंद कोणत्याही न्यायालयात नाही.

अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठीची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ पासून चालत आली आहे. डिसेंबर २०२० मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिच्यात सुधारणा करून केंद्र व राज्य यांचा वाटा सर्वसाधारणपणे ६०:४० असा ठरवला आणि रक्कम थेट विद्यार्थ्याच्या बँक खात्यात जमा करण्यावर भर दिला. योजना मोलाची आहे. तिचा वेळ मात्र खर्चाच्या वेळेशी जुळत नाही. अनामत रक्कम, पुस्तके, प्रयोगशाळेचा अंगरखा, एस.टी.चा पास हा खर्च पहिल्या महिन्यात येतो, शिष्यवृत्ती पुष्कळ नंतर. त्यातच उत्पन्नाचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र, जात वैधता प्रमाणपत्र, आधारशी जोडलेले खाते यांपैकी एखादे कमी पडले की अर्ज अडतो. प्रवेशाच्या दिवशीच महाविद्यालयाच्या लिपिकाने विद्यार्थ्यासमोर बसून हा अर्ज भरून घेणे आणि पहिल्या दोन महिन्यांसाठी परतफेडीच्या बोलीवर लहान रक्कम देणारा निधी ठेवणे, या दोन गोष्टी शक्य आहेत.

या बाबतीत महाराष्ट्राची परंपरा मोठी आहे. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांसाठी वसतिगृहे उभारण्यास चालना दिली. अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजांतील मुलांसाठीचे मिस क्लार्क वसतिगृह १९०८ मध्ये सुरू झाले. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९२४ मध्ये साताऱ्यात सुरू केलेल्या वसतिगृहात वेगवेगळ्या जातींची मुले एकत्र राहत, जेवत आणि काम करीत. १९४७ मध्ये साताऱ्यात छत्रपती शिवाजी महाविद्यालय सुरू झाले, तेव्हा ‘कमवा आणि शिका’ योजना त्याच्या रचनेचाच भाग होती. या दोघांनी विद्यार्थ्याला शहराशी जुळवून घेण्याचा उपदेश केला नाही. निवारा, अन्न, काम आणि सोबत यांची तजवीज केली. जुळवून घेणे त्यातून घडले. आज मुलींच्या बाबतीत तर निवाऱ्याचा प्रश्न अधिक तीव्र आहे. संध्याकाळी पाचची शेवटची एस.टी. पकडणारी विद्यार्थिनी चारच्या प्रात्यक्षिकातून अर्ध्यातून उठते, ग्रंथालयात बसू शकत नाही, राष्ट्रीय सेवा योजनेच्या उपक्रमांत भाग घेऊ शकत नाही. १९६९ मध्ये सुरू झालेल्या या योजनेत सात दिवसांचे निवासी शिबिर असते. ज्या विद्यार्थ्यांची वर्षभर कोणाशी ओळख होत नाही, त्यांची त्या सात दिवसांत होते, असे अनेक कार्यक्रम अधिकारी सांगतात. पण घरून परवानगी मिळवण्यासाठी प्राध्यापकांनी पालकांना एक दूरध्वनी करावा लागतो. तो केला जातो तेथे मुली शिबिराला येतात.

मनाचे ओझे

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. यात शाळकरी मुलेही आहेत आणि प्रत्येक घटनेमागील कारणे निरनिराळी असतात. त्यामुळे या आकड्यावरून प्रथम वर्षाविषयी थेट अनुमान काढणे योग्य नाही. प्रश्नाचे गांभीर्य मात्र त्यातून पुरेसे स्पष्ट होते. मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उच्च शिक्षण संस्थांतील विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याचा विचार करण्यासाठी न्यायमूर्ती रवींद्र भट यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय कृतिदल नेमले. जुलै २०२५ मधील दुसऱ्या एका निकालात न्यायालयाने शिक्षण संस्थांसाठी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक असावा आणि परीक्षेचा काळ तसेच शैक्षणिक टप्प्यांमधील संक्रमणाचा काळ यांत विद्यार्थ्यांच्या लहान गटांना स्वतंत्र मार्गदर्शक असावेत, असे त्यांत नमूद आहे. २००९ च्या विनियमांतील लहान गट येथे पुन्हा भेटतो. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेली ‘टेली-मानस’ ही केंद्र सरकारची विनामूल्य सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास आणि अनेक भारतीय भाषांतून उपलब्ध आहे. हा क्रमांक ओळखपत्राच्या मागील बाजूस छापला, तर तो शोधावा लागणार नाही.

समुपदेशकाची नेमणूक झाली तरी त्याच्या खोलीकडे जाणाऱ्याकडे इतर जण पाहतात, ही अडचण राहतेच. पहिल्या सत्रात प्रत्येक विद्यार्थ्याची एक भेट ठरवून दिली, हजेरी क्रमांकाप्रमाणे बोलावले, तर जाणे ही नित्याची बाब होईल. दहा मिनिटे पुरतात. झोप, जेवण, खोलीतील सोबती, घरची खबरबात एवढे विचारले तरी कोणाला पुन्हा बोलवायचे, हे अनुभवी समुपदेशकाला कळते.

बाहेर पडण्याची वाट आणि टिकून राहणे

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने पदवीच्या प्रत्येक वर्षाअखेर बाहेर पडण्याची आणि पुन्हा परतण्याची सोय केली. पहिल्या वर्षीचे किमान ४० श्रेयांक आणि त्याला जोडून विहित व्यावसायिक अभ्यासक्रम पूर्ण करणाऱ्याला प्रमाणपत्र मिळते. कौटुंबिक कारणाने शिक्षण सोडावे लागलेल्यांना ही मोठी सवलत आहे. पूर्वी त्यांच्या हाती काहीच लागत नसे. तरीही एक धोका नजरेआड करता येणार नाही. महाविद्यालयात रुजू न शकल्यामुळे निघून गेलेला विद्यार्थीही आता ‘निर्गमन पर्याय स्वीकारलेला’ म्हणून नोंदला जाऊ शकतो. पूर्वीची गळती निदान गळती म्हणून दिसत होती. म्हणून निर्गमनाच्या अर्जावर कारणाचा रकाना असावा, तो मार्गदर्शक अध्यापकाने विद्यार्थ्याशी बोलून भरावा आणि महाविद्यालयाने ती माहिती दरवर्षी प्रसिद्ध करावी. किती जण गेले याबरोबरच ते का गेले, हेही त्यातून समजेल.

हे सर्व करावयाचे कोणी, हा शेवटी उरणारा प्रश्न आहे आणि त्याला बगल देऊन चालणार नाही. अनेक राज्यांत अध्यापकांची पदे रिक्त आहेत. महाराष्ट्रात त्या जागांवर तासिका तत्त्वावर काम करणाऱ्यांची संख्या मोठी आहे. त्यांना घेतलेल्या तासाचे मानधन मिळते. विद्यार्थ्याशी पायरीवर बसून बोललेल्या अर्ध्या तासाचे मिळत नाही. एका महाविद्यालयातील तास संपवून दुसऱ्या महाविद्यालयाकडे निघालेल्या अध्यापकाकडून वीस विद्यार्थ्यांची नावे पाठ असण्याची अपेक्षा करणे त्याच्यावर अन्याय करणारे आहे. मार्गदर्शनाचा आठवड्यातील एक तास अध्यापकाच्या अधिकृत कार्यभारात मोजला गेला आणि तासिका तत्त्वावरील अध्यापकाला त्याचे मानधन मिळाले, तर लहान गटाची तरतूद कागदावरून वेळापत्रकात येईल. तोवर एवढे तरी करता येण्याजोगे आहे : पहिल्या सत्राच्या सहाव्या आठवड्यात, अंतर्गत चाचणीच्या आधी, प्रत्येक विभागाने हजेरीपटावरून सलग गैरहजर असलेल्यांची यादी काढावी आणि त्या यादीतील प्रत्येकाला विभागातील कोणीतरी, अध्यापकाने किंवा तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याने, दूरध्वनी करावा.